लग्नाचा कूर्निक

—नाही हो, ग्लेब सावेलिच, इतक्यात हात नका लावू, भट्टीतून आत्ता काढलाय. बसा त्या बाकावर. लेकीचं लग्न, घाई असणारच—पण नवरदेवाच्या दारी न्यायच्या कूर्निकाला घाई चालत नाही. खाली कोंबडी, मग घावन, मग मशरूम, परत घावन, मग भात नि अंडी, आणि वरून ही कणकेची टोपी. टोपीवर कणकेचे नवरा-नवरीही बसवलेत, बघा. असं संशयानं काय बघताय? काही कालवलं नाहीये हो आत! पोरीनं माझं काय वाकडं केलंय?

मला ओळखलंत ना? नाही? मी अग्निया—तासियाची धाकटी बहीण. हां, आता आठवलं! तुमच्या नि तासियाच्या लग्नाला आमच्या आईनंही असाच कूर्निक केला होता. तो घेऊन गात-नाचत तुमच्या दारी आलो, तर दाराला कुलूप. नवरदेव कुठाय? तर पहाटेच्या गाडीनं पसार, लाकडाच्या वखारीच्या साहेबाच्या मुलीला घेऊन! आई म्हणाली, टाक तो कुत्र्यांपुढे. तासिया ऐकेल तर ना! नवरीच्या वेशात, कूर्निक छातीशी धरून अख्खी गल्ली चालत घरी परत आली—खिडकी-खिडकीत माणसं, कोणी हसतंय, कोणी चुकचुकतंय. मी मागून तिची ओढणी सावरत.

काल तिला विचारलं, करू का गं ग्लेबच्या लेकीचा कूर्निक? तर हसली. म्हणाली, ''कर की, केव्हाची गोष्ट ती!'' तिला काय, परगावचा का होईना, भला नवरा मिळाला, नातवंडं झाली. पण त्या दिवसानंतर आमच्या घराची पायरी दुसरं कोण चढलं? मी तेव्हा एकोणीस वर्षांची, आणि मला बघायला एकसुद्धा—जाऊ दे. माझं कुठे काय म्हणतेय मी! तासियाचं म्हणतेय.

कोणाला हाका मारताय? गाडी नाहीये बाहेर. ड्रायव्हरला मीच पिटाळलं—म्हटलं, साहेब चालत येणारेत. गल्लीला सकाळीच सांगून ठेवलंय, कूर्निक कोण नेणार ते. म्हाताऱ्यासुद्धा खिडकीत खुर्च्या टाकून बसल्यात. नको असेल तर ठेव इथंच, आणि तिकडे खोळंबलेल्या विहिणीला सांग काय सांगायचं ते—का नाही आणला, कोणाकडून नाही आणला, सगळं सांग!

काय, नेतोस? मग ऊठ. दोन्ही हातांनी धर—असा, छातीशी. चटका बसतोय? बसू दे. मान खाली नाही घालायची, तिनं नव्हती घातली. चल, नीघ आता. आणि दार लोटू नकोस—उघडंच राहू दे, मला बघायचंय.