मिश्राजींचा मोठेपणा

जिंकत आलेला माणूस बरोबरी मागतो तेव्हा का मागतो, हे त्याला तिथल्या तिथे विचारून घ्यावं. मी विचारलं नाही.

आमच्या मंगला गौरीच्या मोहल्ल्यातल्या बुद्धिबळ स्पर्धेचा शेवटचा डाव. जिंकेल त्याला ढाल, बरोबरी झाली तर सहा-सहा महिने दोघांकडे. समोर मिश्राजी. त्यांच्याकडे एक हत्ती जास्त, आणि मी मनातल्या मनात केव्हाच हरलेलो. त्यांनी चाल केली आणि हसून म्हणाले, "पाटणकर साहब, ड्रॉ कर लें?"

मी त्यांचा हातच धरला. केवढं मन म्हणायचं हे! दुसऱ्या दिवशी सकाळी लवंगलता मिठाईचा डबा त्यांच्या घरी पोचवून आलो.

संध्याकाळी लेकीनं तो डाव मोबाइलवर मांडून पाहिला. "बाबा, बरोबरी कसली घेतली? तुम्ही वजीर बळी दिला असतात, तर पुढच्याच चालीला घोड्यानं मात होती की!"

पुन्हा पुन्हा मांडून पाहिलं. होतीच.

मग मला राहवेना. तसाच मिश्राजींकडे गेलो.

"मिश्राजी, सच बताइए. वो मात आपको दिखी थी?"

"दिखी थी, तभी तो ड्रॉ माँगा."

"अहो, मग... फिर मिठाई क्यों रख ली?"

तोंडातलं पान सांभाळत ते शांतपणे म्हणाले, "ड्रॉ हमने माँगा था, भइया. मिठाई तो आप खुद लाए थे."