फाटक्या पोथीची समाप्ती

वाशीमच्या स्टेशनावर विजयमाला तान्ह्याला मांडीवर घेऊन बसली होती. शेजारच्या बाकावर सोजर आणि मनकर्णा या दोघी मैत्रिणी तोंडाला पदर लावून हसत होत्या.

“काय वं सोजर, मी सांगतलेली कादंबरी वाचली का?”

“वाचली, पण पोथीच्या फडक्यात गुंडाळून. सासूले मोठ्यानं वाचून दाखवा लागली. बुढी तिले रोज फूल वाहे.”

“बाप्पा, मंग?”

“मंग शेवटचं पान फाटेल निंघालं. बुढी कालपासून उपाशी हाये. म्हणते, पोथीची समाप्ती झाल्याबिगर घास घेत नाही. तो किल्लेदार लढाईतून वापस आला का नाही, सांग आता.”

“मले काय ठाऊक? म्या बी तेच फाटेल पुस्तक वाचलं. म्हणून म्हणते, आता इतिहास वाच. त्यात कोण मेलं, हे साऱ्या गावाले ठाऊक राह्यते.”

“मेला म्हणलं तं बुढी जेवाची नाही. देव त्याले वाचवतेच, म्हणते.”

सोजरच्या मांडीवरचं ते पुस्तक विजयमालानं माहेरी अख्खं वाचलं होतं. शेवटच्या पानावर रडून रडून तिचा पदर ओला झाला होता. तिनं बाळाला खांद्यावर घेतलं आणि दोघींकडे वळली.

“वाचते जी तो. घोड्यावर बसून घरी येते, आन् बायको त्याले ओवाळते. आजीले आज पोटभर जेवू घाला.”