काळे तीळ आणि केकोबाई

मी आजऱ्याकडची. आमच्यात घनसाळ भात पिकतो, शिजाय लागला की चार घरं वास जातो, म्हणून भातातलं मला कुणी शिकवू नये असा आपला लहानपणापासूनचा तोरा. लग्न झालं, मालकांना कॅनडात मिसिसागाला विमानतळाजवळच्या गोदामात काम लागलं, मागनं मी आले, आणि पहिला विंटर काय सांगू तुम्हाला, बेसमेंटात भिंतीशी बोलायची पाळी आली. मग काम शोधलं ते मिळालं जपानी खाण्याच्या दुकानात. गावाकडं कळल्यावर फोनवर सगळ्यांचं एकच, कच्चं मासं खाणाऱ्यांत गेलीस व्हय गं?

मालकीण केकोबाई, सत्तरीची, जन्म इथलाच. पहिल्याच आठवड्यात जेवताना मी चहा घ्यायला उठले आणि जेवायच्या त्या दोन काड्या भातात उभ्या खोचून गेले. बाईनं गुपचूप काढून आडव्या ठेवल्या. म्हणाली, आमच्यात मेलेल्या माणसापुढं असा भात ठेवतात. मी म्हटलं अहो बाई, आमच्यात पण मेलेल्यांना भातच घालतात की! दोघी हसत सुटलो, तिथनं आमचं जमलं ते जमलंच.

मग तिनं ओनिगिरी शिकवली. हात मिठाच्या पाण्यात बुडवायचा, गरम भात घ्यायचा, तिकोनी दाबायचा, वर समुद्रातल्या शेवाळाचा काळा पापड गुंडाळायचा. बाई म्हणाली तुझ्या हाताला भात कळतो. या देशात माझ्या हाताला चांगलं म्हणणारी ती पहिली, मला तर रडूच आलं.

आणि नेमक्या सासूबाई आल्या गावाकडनं. मी मोठ्या हौसेनं घरी करून दाखवलं, पण पापड संपलेला, तिकोन काय साधेना, म्हणून आपले गोल वळले आणि वर काळे तीळ लावले. ताटात मांडून पुढं ठेवलं नि सासूबाई ताडकन उठल्या. जिवंतपणी माझे पिंड वळलेस व्हय गं? अगं बाई गं! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांनी त्या दिवसापासून माझ्या हातचं पाणी घेतलं न्हाई. ते काम सोड, न्हाईतर माझं तिकीट काढ म्हणाल्या. मालक मोबाईलात तोंड घालून बसले. काम सोडायचं म्हणजे माझा जीव तुटत होता, आणि म्हातारीला रागानं परत लावून द्यायची तरी कशी?

केकोबाईंना सांगितलं तर त्या हसल्या न्हाईत. म्हणाल्या, बरोबर हाय त्यांचं. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन स्वतः घरी आल्या, सासूबाईंपुढं वाकल्या, खाली बसल्या आणि बोलाय लागल्या, मी आपली मराठीत सांगत गेले. म्हणाल्या, शाळेत माझ्या डब्यातला हाच भात बघून पोरं चिडवायची, काळा कागद खाते म्हणायची, मग मी वॉशरूममध्ये दार लावून जेवायचे. आईला कधी सांगितलं न्हाई, ती पहाटे उठून वळायची ना.

सासूबाई पुढं सरकल्या. मग म्हणाल्या, संडासात बसून जेवली व्हय लेकरू? आण इकडं. डबा उघडला, बाईंनी मुद्दाम पांढरे तीळ लावलेले. सासूबाईंनी एक खाल्ला, दुसरा घेतला आणि मला म्हणाल्या, आळणी हाय, आत लसणाची चटणी घाल.

आता तोच चटणी घातलेला भात दुकानात सगळ्यात आधी संपतोय बघा. ज्यांनी केकोबाईंना शाळेत चिडवलं त्यांच्या वयाची म्हातारी माणसं नातवंडं घेऊन रांगेत उभी असतात. बाईंचा भाचा जपानातनं, ओसाकाहून आलेला, आधी नाक मुरडलं, हे जपानी नव्हंच म्हणाला, जाताना चटणीची बरणी घेऊन गेला. गावाकडची पोरं आता फोनवर म्हणतात, काकू, आम्हालाबी शिकवा की.

अभिमान वाटतो, का नको वाटायला? सासूबाई अजून इथंच हायत, शनिवारी दुकानात येतात. केकोबाई पूर्वी मागं स्वयंपाकघरात उभ्यानंच जेवायच्या. सासूबाईंनी हाताला धरून त्यांना पुढं काचेजवळच्या टेबलावर बसवलं, म्हणाल्या, हितं बस, बघू दे सगळ्यांना. आता दोघी दर शनिवारी तिथंच बसून जेवतात.