टॉवर चालू झाला तो दिवस

ताई: “थोड्या वेळात” म्हणजे कधी? तुमच्या कंपनीच्या थोड्या वेळात माझे केस पांढरे झाले.

टॉवरवाला: अगं ताई, आज खरंच. मी आत्ता स्वतः टॉवरवरून उतरून आलोय. यंत्रावर सगळे हिरवे दिवे लागलेत, वरचा एक तेवढा लाल आहे. आता साहेबांनी ऑफिसातून चालू केलं की झालं.

ताई: दिवे तर तुम्ही वर्षभर लावताय, दिसतायत मला.

ड्रायव्हर: अगं, बहिणीच्या घरी आलाय तो, पोलीस चौकीत नाही. आधी बसू दे त्याला. सकाळपासून माकडासारखा लटकला होता, मी इथून बघत होतो.

ताई: तुम्ही पण! दोन जिने चढून गच्चीवर कशाला आलात? डॉक्टरांनी काय सांगितलंय?

ड्रायव्हर: डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलंय. मेहुणा टॉवरवर चढलेला बघायचा नाही, असं कुठे म्हणालेत?

ताई: ऐकलंस? आयुष्यभर बस चालवली, पण तोंडाला कधी ब्रेक लागला नाही या माणसाच्या.

टॉवरवाला: असू दे गं. भाऊजी, खुर्ची इकडे घ्या, टाकीच्या सावलीत. ताई, फोन कुठाय तुझा?

ताई: हा काय, हातातच आहे. सोमवारपासून खाली ठेवला नाही. रेंज नसलेला फोन, तरी रात्री उशाशी घेऊन झोपते. सवय.

टॉवरवाला: माझाही तसाच. खिशात नुसतं ओझं. साहेबांशी बोलायचं झालं की आमचा मुकादम मोटरसायकल काढतो आणि हमरस्त्यापर्यंत जातो, तिथे रेंज मिळते. जगाला नेटवर्क देणारे आम्ही, आणि आमचे निरोप असे जातात.

ड्रायव्हर: म्हणजे आमच्या डेपोपेक्षा फार पुढे नाही गेलात.

ताई: मला एक सांग. जुनं यंत्र चालत होतं ना? या कोपऱ्यात, टाकीला टेकून उभं राहून का होईना, रेंजच्या दोन दांड्या तरी यायच्या. मग नवं आलेलं नसताना जुनं काढलंत कशाला?

टॉवरवाला: एकाच टॉवरवर दोन्हींचं वजन झेपत नाही. जुनं उतरवायचं आणि त्याच दिवशी नवं चढवायचं, असं ठरलं होतं. सोमवारी सकाळी जुनं उतरवलं, आणि नवं घेऊन येणारा ट्रक गेला भलत्याच टॉवरला. तो फिरून इथे येईपर्यंत मंगळवार उजाडला. मग पेट्या उघडल्यावर कळलं, केबलचे जोडच आलेले नाहीत. जोड गोदामात, गोदामाची किल्ली गोदामवाल्याकडे, आणि गोदामवाला रजेवर.

ताई: वा! आणि त्याआधी वर्षभर काय चाललं होतं? आधी म्हणालात पाया कच्चा आहे. मग म्हणालात रस्ता खणायची परवानगी नाही. मग परवानगी आली तर खणणारे गेले दुसरीकडे. रोज या गच्चीवरून बघत होते मी. खड्डा खणला, बुजवला, परत तिथेच खणला.

टॉवरवाला: ते आमचं काम नव्हतं गं. खणणारे वेगळे, केबल टाकणारे वेगळे, वर चढणारे आम्ही वेगळे. कोणाचा कोणाला पत्ता नसतो.

ताई: आणि तुमच्या ऑफिसात कोणाला काही वाटत नाही?

टॉवरवाला: ऑफिसातल्या नकाशावर आपली वस्ती सोमवारीच हिरवी झाली. हिरवी म्हणजे काम पूर्ण. सामान गोदामातून निघालं की त्यांच्या लेखी काम झालं.

ड्रायव्हर: बरोबर आहे. आमच्याकडेही डेपोतून गाडी वेळेवर सुटली की वेळेवर. पुढे घाटात बंद पडली तर तो ड्रायव्हरचा प्रश्न.

ताई: तुम्हाला गंमत सुचते हो.

ड्रायव्हर: मग काय करू? रडायलाही अंगात पाणी लागतं. ते डॉक्टरांनी मोजून दिलंय.

ताई: असं बोलू नका.

टॉवरवाला: भाऊजी, आता थोडेच दिवस. एकदा नवी किडनी बसली की सगळ्यात आधी काय करणार?

ड्रायव्हर: तांब्याभर पाणी पिणार. गटागटा. हिने कपाने मोजायला लागायच्या आत.

ताई: मी मोजते ते काय हौस म्हणून?

ड्रायव्हर: नाही गं. कोण म्हणतंय तसं?

टॉवरवाला: परवा तू हॉस्पिटलातून फोन केलास ना ताई, तेव्हाच मी तडक साहेबांकडे गेलो. म्हणाले, तुझी नेमणूक शहरात, तू चाललास कुठे? मी सगळंच सांगून टाकलं. म्हटलं, साहेब, माझ्या भाऊजींचं नाव किडनीच्या यादीत अगदी वर आलंय. हॉस्पिटलचा फोन कधीही येईल. तो लागला नाही तर किडनी पुढच्या माणसाला जाईल, ते कोणासाठी थांबत नाहीत. आणि नेमका त्यांचाच टॉवर तुम्ही बंद करून बसलात.

ताई: असं म्हणालास? साहेबांना?

टॉवरवाला: म्हणालो. तर म्हणाले, जा बाबा. आमच्याकडे थोडे जोड शिल्लक होते, ते पिशवीत घातले आणि संध्याकाळची गाडी धरली.

ताई: माझंच चुकलं परवा. भाऊजी तुझे आत मशीनला लावलेले, आणि मी बाहेर फोनवर तुझ्या अंगावर ओरडत होते. नर्स बघायला लागल्या. म्हटलं, सख्खा भाऊ असून तुझा काय उपयोग, दुनियेचे टॉवर बांधतोस आणि बहिणीचा एक तेवढा बांधवत नाही.

टॉवरवाला: बरं झालं ओरडलीस. नाहीतर इकडे आणखी आठ दिवस कोणी ढुंकून बघितलं नसतं. हां, आणि एक लक्षात ठेव. चालू झालं की साहेबांचा फोन येईल. गिऱ्हाइकाला विचारावंच लागतं त्यांना, आवाज नीट येतो का म्हणून. गिऱ्हाइकाने हो म्हटलं की मग आमचं काम संपलं. मी तुझ्याकडे देईन.

ताई: दे. दे तर. वर्षभराचं पाठ करून ठेवलंय. पाया, खड्डा, ट्रक, गोदाम. चांगली हजेरी घेते त्यांची.

ड्रायव्हर: साहेब नोकरी सोडून जाईल बिचारा.

ताई: जाऊ दे. पण खरं सांगू? परवापासून जरा जीवात जीव आहे माझ्या. हॉस्पिटलात रेंज होती ना, तेव्हा सगळं तपासलं. तोवर काही आलेलं नव्हतं. आणि यादीचं काम बघतात त्या मॅडमनाही भेटून आले. म्हटलं, मॅडम, आमच्याकडे सोमवारपासून फोन बंद आहेत हो. त्या म्हणाल्या, घाबरू नका, तुमचा नाही लागला तर भावाचा नंबर आहे ना आमच्याकडे, तिथे लावू.

ड्रायव्हर: तो मी द्यायला लावला होता. म्हटलं, हा शहरात असतो, कायम रेंजमध्ये, याच्याइतका पक्का नंबर दुसरा कुठला? पण आता तू तर इथे…

टॉवरवाला: भाऊजी, दिवा बघा! वरचा दिवा! लाल होता तो बदलला! ताई, फोन बघ, फोन बघ!

ताई: काही नाही. थांब. एक दांडी आली. दोन. अहो! चार! चारही भरल्या!

टॉवरवाला: म्हटलं नव्हतं? म्हटलं नव्हतं मी तुला?

ताई: खाली जाऊन बघू का? घरात पण येईल?

टॉवरवाला: मोरीत पण येईल आता.

ताई: वाजला! अगंबाई, मेसेज यायला लागले. तू वाच रे, माझा चष्मा खाली राहिला.

टॉवरवाला: दे. “अभिनंदन! आपल्या भागात नवीन वेगवान नेटवर्क सुरू झाले आहे.” पुढचा. “सोमवारी एक तास सेवा बंद राहील. गैरसोयीबद्दल क्षमस्व.”

ताई: तो आज आला?

ड्रायव्हर: सुटला असेल वेळेवर.

टॉवरवाला: पुढचा बँकेचा. त्याच्या पुढचाही बँकेचाच. हा…

ताई: हा काय? अरे, वाच ना.

टॉवरवाला: मिस्ड कॉल आहे. काल सकाळचा.

ताई: कोणाचा?

टॉवरवाला: हॉस्पिटलचा. आणि हा त्याच्या खालचा पण.

ताई: काल? काल सकाळी? बरं. बरं, थांब. मला नाही लागला म्हणजे मॅडमनी तुला लावला असेल. तसंच ठरलं होतं आमचं. तुझा लागला असेल ना? तू तर नेहमी…

(टॉवरवाल्याच्या खिशातला फोन वाजू लागतो. मेसेजमागून मेसेज येत राहतात.)

ड्रायव्हर: काढ बाहेर.

टॉवरवाला: भाऊजी…

ड्रायव्हर: काढ. बघू दे मला. हं. तोच नंबर आहे.

ताई: नाही.

ड्रायव्हर: चार-पाच वेळा लावलाय. सगळे काल सकाळचे. तेव्हा हा वर होता. पार टोकाला. मी इथेच बसून बघत होतो.

टॉवरवाला: ताई, मला सुचलंच नाही गं. खिशातला फोन बंद आहे ते दिसत होतं, मुकादमापाशी त्यावरून हसत पण होतो. पण हाच तुमचा दुसरा नंबर आहे, आणि तोच मी इथे घेऊन आलोय, हे डोक्यातच आलं नाही. नुसतं वाटत होतं, लवकर चालू करू, लवकर चालू करू.

ताई: कोणी सांगितलं होतं तुला यायला? तिथेच राहायचं होतंस! तिथे असतास तर वाजला असता ना तो! कोणी बोलावलं होतं तुला?

टॉवरवाला: ताई…

ताई: मी बोलावलं. मीच बोलावलं. ओरडून बोलावलं.

ड्रायव्हर: अगं, आधी मॅडमना फोन लाव. काय ते कळू तर दे.

ताई: चष्मा खाली आहे हो, मला नंबर दिसत नाहीये.

टॉवरवाला: मी लावतो. घे. वाजतेय.

ताई: हॅलो, मॅडम? हो, मीच बोलतेय. हो, आत्ता चालू झालं. आत्ताच, पाच मिनिटंही नाही झाली… हो, भावाचाही बंद होता. तो इथे आला होता, आमचाच टॉवर लावायला… हो… किती वेळ थांबलात? … हं… नाही, नाही मॅडम, तुमची काही चूक नाही. तुम्ही तरी किती थांबणार… हं… ती कशी आहे? … मग आता आमचं? … हो… हो, येतंय ना, सगळं ऐकू येतंय. ठेवते.

ड्रायव्हर: गेली?

ताई: दुपारपर्यंत वाट बघितली त्यांनी. मग यादीतल्या पुढच्या बाईला बोलावलं. तिचं ऑपरेशनही झालं.

ड्रायव्हर: नीट बसली का तिला?

ताई: बसली म्हणे.

ड्रायव्हर: चला. फुकट नाही गेली.

ताई: इतके चांगले वागू नका हो. मला सहन होत नाही. हाताच्या शिरा संपत आल्यात तुमच्या. सुई कुठे लावायची ते डॉक्टरांना कळत नाही, परवा माझ्यासमोर डोकं धरून बसले होते ते. तुम्ही ओरडा ना एकदा. याच्यावर ओरडा, माझ्यावर ओरडा.

ड्रायव्हर: मॅडम पुढचं काय म्हणाल्या?

ताई: यादीत नाव आहे म्हणाल्या. पण अशी जुळणारी पुन्हा कधी येईल, सांगता येत नाही.

ड्रायव्हर: आणि?

ताई: फोन चालू ठेवा, म्हणाल्या.

टॉवरवाला: ताई, मला काहीतरी बोल. मार मला.

ताई: काय बोलू? उन्हातान्हात दोन दिवस लटकलास. चहा पण नाही दिला तुला अजून. टाकू?

ड्रायव्हर: टाक. मलाही अर्धा कप. माझं आजचं पाणी आहे थोडं शिल्लक.

ताई: टाकते.

ड्रायव्हर: आणि तू असा उभा राहू नकोस रे. बस इथे. उद्या डायलिसिसला चलशील आमच्याबरोबर? परत येताना बसच्या पायऱ्या चढवत नाहीत मला हल्ली, आणि हिला एकटीला मला सावरायला जमत नाही. ती सांगत नाही, पण मला कळतं.

टॉवरवाला: येतो. येतो मी, भाऊजी.

ताई: तुझा फोन वाजतोय.

टॉवरवाला: साहेब आहेत.

ड्रायव्हर: उचल मग.

टॉवरवाला: हॅलो… हो साहेब. आलं. चारही दांड्या आहेत… हो, टॉवरखाली नाही, घरी आहे, गच्चीवर… हो, गिऱ्हाईक आहे इथेच. देतो. ताई?

ताई: मला नको.

टॉवरवाला: त्यांना फक्त आवाज कसा येतो ते विचारायचंय गं.

ताई: मला काही आठवत नाही आता. नको.

ड्रायव्हर: आण इकडे. हॅलो, नमस्कार साहेब. हो, इथलाच, याच घरातला… हो, येतोय की. छान येतोय. आत्ताच हॉस्पिटलशी बोलणं झालं आमचं. शब्द न् शब्द कळला.