एक काना कमी

(खेळण्यांच्या कारखान्यातली शिवणाची खोली. भिंतीशी कापसाची पोती, टेबलावर काही शिवलेली, काही न शिवलेली अस्वलं.)

मालक: फक्त एक काना कमी करायचाय. बाकी वाक्य तेच.

बाई: कुठला काना?

मालक: ‘तू मला खूप आवडतोस’मधला. ‘आवडतेस’ हवंय. मुलीनं पोट दाबलं तरी अस्वल ‘आवडतोस’च म्हणतं. एका आजीनं तर परत आणून दिलं. म्हणाली, तुमच्या अस्वलाला मुलगा-मुलगी कळत नाही.

बाई: चार वर्षं माझ्या आवाजात ते हेच बोलतंय. आज जाग आली?

मालक: आधी लोक एवढं लक्ष देऊन ऐकत नव्हते.

बाई: लोकांचं सोड. घरातही कोणी ऐकत नव्हतं.

आत्या: बस गं सूनबाई, उभ्यानं नको भांडूस. त्या पोत्यावर बस, कापूस आहे. याच्या आजोबांच्या वेळी अस्वलात लाकडाचा भुसा भरायचे, बसलं की टोचायचा. आता सगळा मऊपणाचा कारभार.

बाई: आत्या, मी तुमची सूनबाई राहिले नाही आता.

आत्या: कागदावर नसशील. माझ्या जिभेला कागद वाचता येत नाही. आणि भाचा म्हणून याचं तरी मला कुठं कौतुक आहे?

मालक: आत्या, तुम्ही डोळे बसवा. तर मग, आत्ताच बोलतेस का? यंत्र तयार आहे.

बाई: मी काना काढायला आलेच नाहीये. आवाज काढून घ्यायला आलेय.

मालक: म्हणजे?

बाई: परवा माझ्या वर्गातली एक मुलगी दप्तरातून तुझं नवं अस्वल घेऊन आली. मी फळ्यावर लिहीत होते. पाठीमागून माझाच आवाज आला. ‘तू मला खूप आवडतोस. झालं समाधान? आता तू म्हण.’

मालक: ती चूक झाली. नव्या कारागिरानं जुनं रेकॉर्डिंग न कापता तसंच चिपवर चढवलं. मी पहिल्यांदा पुढचं सगळं नीट कापून घेतलं होतं.

बाई: माहितीये. कापण्यात तुझा हात कोणी धरणार नाही.

मालक: अगं, ऐक तर. ती खेप हातोहात गेली. दुकानदार मागे लागलेत, ‘आता तू म्हण’वालंच द्या म्हणून. मुलं उत्तर देतात त्याला.

बाई: देतात ना. माझ्या अख्ख्या वर्गानं दिलं, एका सुरात. मी खडू हातात घेऊन बाहेर जाऊन उभी राहिले. आत हसत होते सगळे. त्यांना वाटलं, बाई रागावल्या.

आत्या: पोरंच ती. म्हण म्हटलं की म्हणून टाकतात.

मालक: टोमणे नकोत, आत्या.

आत्या: मी डोळे बसवतेय रे बाबा. आणि टोमणा असलाच, तर त्यालाही या डोळ्यांसारखी मागून चकती लावून घट्ट केलाय. ओढून निघायचा नाही.

बाई: आणि हे अस्वलाच्या गळ्यात काय अडकवलंयस?

मालक: इतिहास. छान छापून घेतलाय. परदेशातले एक राष्ट्राध्यक्ष शिकारीला गेले होते. झाडाला बांधलेलं अस्वल समोर होतं, त्यांनी गोळी झाडायला नकार दिला. त्यावर व्यंगचित्र आलं. ते पाहून एका दुकानदार नवरा-बायकोनं कापडाचं अस्वल केलं आणि साहेबांचं लाडाचं नाव दिलं. दयेतून जन्मलेलं खेळणं.

बाई: आणि ते खरं अस्वल? त्याचं पुढं काय झालं?

मालक: सोडलं असेल.

बाई: नाही सोडलं. धड्याच्या तयारीसाठी वाचलं मी. ते आधीच अर्धमेलं झालं होतं. साहेबांनी स्वतः गोळी झाडली नाही. दुसऱ्याला सांगितलं, संपवून टाक. त्यानं सुरीनं संपवलं.

मालक: एवढं या चिठ्ठीवर मावणार नाही.

बाई: नाहीच मावणार. तूही मला ‘जा’ कधी म्हणाला नाहीस. आत्यांना पाठवलंस.

आत्या: ओवलेली सुई हातात तशीच घेऊन आले होते मी. शब्द याचे, तोंड माझं. अजून कडू आहे.

मालक: मला भांडण नको होतं.

बाई: म्हणून तर लोक तुला स्वभावानं गरीब म्हणतात.

मालक: बरं, आवाज काढला समज. मग पोटात घालू काय?

आत्या: आजोबांची नळी घाल. आत एक वजन आणि एवढासा भाता. अस्वल उलटं केलं की घुरघुरायचं. त्याला ना काना, ना मात्रा. मुलगा असो, मुलगी असो, सगळ्यांना एकच घुर्र.

मालक: आज कोण घेईल ते?

बाई: तुझ्या कारखान्याला शोभेल मात्र. घरात तुझ्याकडून तेवढंच ऐकू यायचं, तेही उलटंपालटं केल्यावर.

मालक: ठीक आहे. ही खेप संपली की काढतो.

बाई: खेप संपल्यावर नाही. आजपासून.

मालक: चांगलं वाक्य आहे गं. एवढा कसला राग त्याच्यावर?

बाई: वाक्य चांगलंच आहे. पण ते मी अस्वलासाठी म्हटलं नव्हतं. तू म्हणालास, खेळण्यात घालायला दोन शब्द बोल. मी तुझ्याकडे बघून बोलले. म्हणून तर त्यात तो काना आहे.

मालक: मला काय माहीत?

बाई: ‘आता तू म्हण’ म्हटल्यावरही कळलं नाही?

मालक: मला वाटलं, तेही अस्वलाचंच चाललंय.

बाई: त्या वाक्यानंतर जराशी शांतता आहे. मग ‘टक्’ असं वाजतं. तू बटण बंद केलंस तेव्हाचं. पोरांना वाटतं, अस्वल झोपलं. निघते मी, दुपारचे तास आहेत. येते, आत्या.

आत्या: ये. जिन्यात कापडाचे गठ्ठे ठेवलेत, जपून उतर.

मालक: काढा, आत्या. सगळ्यांच्या पोटातून काढा.

आत्या: काढते की. हे टेबलावरचंच आधी उसवते. अरे, दाबलं गेलं.

अस्वल: तू मला खूप आवडतोस. झालं समाधान? आता तू म्हण.

आत्या: पावलं थांबली बघ जिन्यात.

मालक: आत्या, याची बॅटरी कुठून काढतात?

आत्या: गेली ती.