मालतीकाकूंची मशेरी

काय गं, मशेरी तंबाखूचीच असते, हे कुणाला सांगावं लागतं का?

पालिकेचं आरोग्य केंद्र आणि आमची संस्था मिळून वाकोल्यात तंबाखू सोडवायचं काम करतात. परवा चाळीत सभा होती. तिथल्याच शेजारच्या खोलीतल्या मालतीकाकू पुढे बसून बायकांना दटावत होत्या, "सोडा गो ती तंबाखू!" तेवढ्यात त्यांच्याच घरातून जळका वास आला. सून त्यांच्यासाठी मशेरी भाजत होती.

"काकू, हे काय?" केंद्राच्या नर्सबाईंनी विचारलं.

"ती दात घासूची! तंबाखू मी कधी खाल्लीच नाय."

"मग तव्यावर काय, रवा भाजतेय सून?" मी म्हटलं.

सगळ्या हसल्या. काकू मात्र नर्सबाईंजवळ सरकल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझ्या गालात पांढरो डाग इलोहा. तो ह्या मशेरीचोच काय गो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नुसत्या पाण्याने चूळ भरून, माझ्याआधी केंद्राच्या दारात उभ्या होत्या.