मोटारीला आलेला ताप

मोटारीचे मिस्त्री मी पुष्कळ पाहिले, पण रोहणा गावच्या त्या सासूची सर कोणाला नाही. सून बाळंतपणात अडली म्हणून ती डॉक्टरांना न्यायला आर्वीला आली होती. त्यांची छोटी मोटार मी चालवायचो. मे महिन्याच्या उन्हात नळीतल्या पेट्रोलची वाफ झाली आणि इंजिन अर्ध्या वाटेत बंद पडलं. मी नुसता बघत उभा. म्हातारीनं पेट्रोल ओढणाऱ्या पंपाला हात लावला.

"याले तर ताप आला! काऊन पाहून राह्यला? पट्टी ठेव."

तिनं पदर फाडला, जवळच्या तांब्यातल्या पाण्यात भिजवून पंपावर ठेवला. थोड्या वेळानं गाडी सुरू झाली.

नातू सुखरूप झाला. निघताना पाहतो, तर म्हातारी पट्टी बदलत होती.

"ताप उतरला, बापू. पण याले उन्हात नेऊ नोको. सांजेले जाजो."